गुंडू हत्ती फक्त वरून वाळला होता

सप्टेंबरातली गोष्ट. दादाच्या घरी जुळे सोलापूरला गेले होते. भाची साडेतीन वर्षांची आहे. दारातच तिनं तिचा हत्ती माझ्या नाकाला लावला आणि म्हणाली, आत्या वास घे, गुंडूला अंघोळ घातलीय. मी वास घेतला. वरून गुलाबाचा सेंट आणि त्याच्या खाली भिजलेल्या गोणपाटासारखा कुबट वास. हात फिरवला तर केस कोरडे, एकदम मऊ, पण उचलला तर जड लागला. मी घरी शिवणकाम करते, दिवसभर कापड हातातच असतं, त्यामुळं एवढ्या आकाराची वस्तू केवढी भरावी याचा हाताला अंदाज असतो, आणि हा हत्ती त्या अंदाजात बसत नव्हता.

पुढं जे निघालं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण घरात कुणीच हलगर्जीपणा केलेला नव्हता. वहिनी स्वच्छतेच्या बाबतीत माझ्यापेक्षा काकणभर सरसच आहेत, आई तर विचारूच नका. प्रत्येकीनं आपापल्या परीनं नीटच केलं होतं आणि तरी खेळणं जास्त जास्त खराब होत गेलं.

आधी हत्तीबद्दल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा भरतो तेव्हा दादानं एका स्टॉलवरनं घेतला होता, हातभर उंच, राखाडी निळ्या लांब केसांचा, गळ्यात लाल मखमली मफलर, आणि पोट दाबलं की गाणं वाजायचं. भाचीनं त्याच दिवशी त्याचं नाव गुंडू ठेवलं आणि तेव्हापासनं जेवताना गुंडू, झोपताना गुंडू, दवाखान्यात गुंडू. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हे सांगायला नको, असं एखादंच खेळणं असतं आणि त्याच्याशिवाय डोळा लागत नाही. म्हणून तर "टाकून द्या आणि नवीन आणा" हा सल्ला मला कधी पटला नाही, मुलाच्या दृष्टीनं ती वस्तू नसतेच, सोबती असतो.

तर झालं असं की गणपती नुकतेच उठले होते, एका रविवारी रात्री भाचीला उलटी झाली, दूध प्यायली होती ते सगळं गुंडूच्या डोक्यावर आणि पाठीवर. आता आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या भागात चार-पाच दिवसांनीच नंबर लागतो, आणि रविवारी नेमका मधला दिवस होता. बॅरलमधलं पाणी चादरी आणि पोरीचे कपडे धुण्यात गेलं. वहिनींनी ओल्या फडक्यानं हत्ती पुसला, वास राहिला म्हणून रूम फ्रेशनर मारला. आईला वाटलं उलटीचे जंतू आहेत, तिनं हत्ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, आत दोन डांबर गोळ्या टाकल्या आणि पिशवीचं तोंड बांधून कपाटात ठेवला. सोमवारी दुपारी पोरगी रडून रडून लाल झाली तेव्हा तोच हत्ती काढून तिच्या हातात दिला.

बुधवारी नळ आला. वहिनींनी हत्ती मशीनमध्ये घातला, सोबत दोन सोलापुरी चादरी आणि टॉवेल, नेहमीएवढी पावडर, वर एक टोपण जंतुनाशक. पोटातलं गाणं आधी बंदच पडलं होतं म्हणून त्याचा विचार कुणी केला नाही. धुऊन काढल्यावर कानाला दोन चिमटे लावून गॅलरीत वाळत टाकला. पाऊस रिपरिप चालू होता. सोलापुरात जून-जुलै बऱ्याचदा कोरडे जातात आणि खरा पाऊस सप्टेंबरातच येतो, त्यामुळं नेमकं तेव्हाच ऊन नव्हतं. गुरुवारी रात्री हात लावून बघितला, कोरडा वाटला, दिला. शनिवारपासून कुबट वास. मग रविवारी साठवलेल्या पाण्यात बादलीत परत धुतला, ह्यावेळी पावडर जास्त आणि शेवटी गुलाबाच्या वासाचं कंडिशनर. सोमवारी दिवसभर पंख्याखाली. मी गेले ती मंगळवारी. त्या आठ-नऊ दिवसात पोरीला रात्रीचा खोकला लागला होता, सकाळी शिंका, आणि एका फ्रॉकवर मफलरचा लाल रंग उतरला होता.

मी वहिनींना म्हणलं, वहिनी, तुमच्याकडं केक करायचा वजनकाटा आहे ना, तो आणा जरा. हत्ती त्यावर ठेवला, ६९० ग्रॅम. नवा असताना किती होता ते कुणाला माहीत नव्हतं, कोण कशाला मोजेल. पण मी तळपाय दाबले आणि बोटं ओली झाली. कानाला टांगल्यामुळं सगळं पाणी उतरून पायात आणि पोटाच्या तळाशी बसलं होतं, आणि केस मात्र पंख्यानं छान वाळलेले. हात लावून बघायची आपली जी सवय आहे ना, कपड्याला ती चालते, कारण कपड्याला आत काही नसतं. ह्याच्या आत मूठमूठभर कापूस किंवा फायबर असतं, ते बाहेरच्या हवेला लागतच नाही.

भाचीला दादाबरोबर चक्कर मारायला पाठवलं. हे मुद्दाम सांगते, खेळणं उसवायचं असेल तर मुलासमोर उसवू नका, आपल्याला शिवण दिसते, त्याला गुंडूचं पोट फाडलेलं दिसतं. मग पाठीवरची हातशिलाईची शिवण हुडकली. बहुतेक सगळ्या सॉफ्ट टॉयला एक जागा अशी असते जिथून माल भरून शेवटी हातानं बंद केलेलं असतं, पाठीवर किंवा बुडाखाली, टाके जरा वेडेवाकडे असतात त्यावरून कळतं. ब्लेडनं टाके कापले.

वरचा थर पांढऱ्या पॉलिस्टर फायबरचा, दोन बोटं जाड. त्याच्या आत रंगीत चिंध्या आणि फोमचे तुकडे ठासून भरलेले. फोम स्पंजसारखं पाणी धरून बसलेला, पिळला की पाणी आणि साबणाचा फेस दोन्ही निघायला लागलं, म्हणजे दोन्ही धुण्यातली पावडर आतच होती. चिंध्यांवर काळे ठिपके, बुरशीचे. आणि मधोमध गाण्याची डबी, तिचं झाकण नुसतं खटक्याचं, स्क्रूच नव्हता, आत तीन बटण सेल आणि त्यांच्यावर पांढरट हिरवा थर आलेला. वहिनी बघतच राहिल्या. आई म्हणाली, अगं हे घेऊन पोरगी झोपत होती की.

मी सगळ्यात जास्त घाबरले ती बुरशी बघून नाही, सेल बघून. बटण सेल मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यात त्यातनं करंट वाहतो आणि आतली त्वचा भाजायला लागते, दोन तासातसुद्धा गंभीर जखम होऊ शकते. मोठ्या नाण्याएवढा लिथियम सेल सगळ्यात घातक, पण छोटे पण निरुपद्रवी नाहीत. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला जायचं नाही, घरी वाट बघायची नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं जिथं एक्स-रे लगेच निघेल. नाकात किंवा कानात घातला तरी तसंच. शिवण जरा सैल झाली असती तर ती खटक्याची डबी आणि पोरीचं बोट यात काही अंतर नव्हतं. मी हातमोजे घालून सेल काढले, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली आणि पोरीच्या हाताला लागणार नाही असे वेगळे ठेवले, इ-कचऱ्यात द्यायला.

खेळण्यांना आता आयएसआय मार्क सक्तीचा आहे, २०२० चा आदेश आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. गुंडूच्या लेबलवर यातलं काहीच नव्हतं, खरं तर लेबलच नव्हतं. जत्रेत पोरगं हट्ट करतं तेव्हा लेबल कोण बघतं हे मला कळतं, मी पण बघितलं नसतं. पण सेलची डबी स्क्रूनं बंद आहे का, एवढं तरी तिथंच उभं राहून दाबून बघता येतं.

आता डांबर गोळ्या. यावर आमच्यात थोडी बोलाचाली झाली कारण आई म्हणाली, तुमची लोकरीची कापडं मी तीस वर्षं अशीच ठेवली, काय झालं तुम्हाला? आईशी वाद घालायचा नव्हता पण हे सोडून देण्यासारखं पण नव्हतं. त्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा नॅप्थलीन असतं, आणि ज्या मुलांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल पेशी नॅप्थलीननं फुटायला लागतात, मूल पिवळं पडतं, लघवी काळपट होते. असं एन्झाइम कमी असलेली मुलं आपल्याकडं आहेत आणि बऱ्याच जणांना तपासणी होईपर्यंत माहीत पण नसतं. गोळी खायलाच पाहिजे असं नाही, तान्ह्या बाळांना गोळ्यांतले कपडे न धुता घातल्यानंसुद्धा त्रास झालेला आहे. आणि ही वस्तू तर मूल तोंडाला लावून झोपतं. वर ती गोळी दिसते पेपरमिंटसारखी. आई म्हणाली, बरं मग कापूर ठेवते. कापूर पण नाही, आई. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात, थोडा असला तरी. आई गप्प बसली आणि मग स्वतःच उठून कपाटातल्या गोळ्या काढून टाकल्या, तिचं हे मला फार आवडलं.

जंतुनाशकाचं थोडक्यात सांगते. मशीनच्या टबात एक टोपण टाकून त्या हत्तीच्या आत काही होत नाही, वास मात्र राहतो, आणि ज्या पोराला खोकला आहे त्याच्या नाकाशी तो उग्र वास रात्रभर ठेवणं बरं नाही. उलटी लागलेली असेल तर आधी घट्ट भाग खरवडून काढणं, साबणाच्या पाण्यानं घासून धुणं आणि पूर्ण वाळवणं यानं जास्त काम होतं. ब्लीच रंगीत खेळण्याला वापरूच नये, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड तर कधीच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेततं.

तर गुंडूचं काय केलं. आतलं सगळं काढलं, पण टाकायच्या आधी मला बघायचं होतं की नक्की पाणी किती होतं. बुधवारी ऊन पडलं. गच्चीवर जुनी चादर अंथरून चिंध्या, फोम, फायबर, रिकामी खोळ सगळं पसरलं, दोन दिवस, आणि मग परत काट्यावर ठेवलं, सेल आणि डबी धरून. ५२० ग्रॅम. म्हणजे १७० ग्रॅम पाणी होतं, चहाचे दोन कप, वरून कोरड्या लागणाऱ्या हत्तीच्या पोटात. तेव्हापासून आमच्या दोन्ही घरात एक नियम झालाय, मऊ खेळणं धुवायच्या आधी काट्यावर ठेवायचं, आकडा फ्रीजवर चिकटवायचा, आणि वाळल्यावर परत त्याच आकड्यावर आलं तरच मुलाच्या हातात द्यायचं. काटा नसेल तर तासभर घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवून बघा, पिशवीला आतून दमटपणा आला किंवा उघडल्यावर वास आला तर आत पाणी आहे.

चिंध्या आणि फोम कचऱ्यात गेले. बुरशी लागलेलं फिलिंग धुऊन परत भरायच्या भानगडीत पडू नये, डाग गेले तरी वास आणि कण राहतात.

खोळ मात्र वाचली. आधी पांढरं फडकं ओलं करून मफलरवर घासलं, लाल झालं, म्हणून मफलर कापून वेगळा काढला आणि परत लावलाच नाही, लांब पट्टी गळ्यात नसलेलीच बरी. मग खोळ उलटी करून कोमट पाण्यात, बादलीला एक चमचा लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड, दहा मिनिटं भिजवून हातानं दाबून दाबून, चोळून नाही, चोळलं की लांब केसांचे गुंते होतात. दादाकडं बोअर पण आहे पण बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही आणि कापडावर चिकट थर राहतो म्हणून आपण अजून साबण घालतो आणि ते अजून चिकट होतं. म्हणून धुणं बोअरच्या पाण्यात केलं तरी शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात केलं, तीन वेळा, पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत. ते पाणी संडासला वापरलं, वाया काही गेलं नाही.

आणि पिळायचं नाही. इथं मला आपल्या गावच्या टॉवेलचं कौतुक वाटतं. सोलापुरी टेरी टॉवेल, जाड, दोन्ही बाजूंनी कड्या असलेला, त्या कड्या पाणी ओढून घेतात. ओलं खेळणं कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वळकटी करायची, त्यावर गुडघा देऊन दाबायचं, मग दुसरा टॉवेल. दोन टॉवेलमध्ये इतकं पाणी येतं की वाळायचा वेळ निम्म्यावर येतो, आणि आकार बिघडत नाही. भरलेल्या खेळण्याला तर ही पद्धत फारच कामाची. मग कानाला टांगायचं नाही, पालथ्या पाटीवर, म्हणजे टोपलीवर, किंवा जाळीच्या खुर्चीवर आडवं ठेवायचं, खालून वरून वारं लागलं पाहिजे, आणि दर दोन-तीन तासांनी उलटवायचं. कडक उन्हात रंग उडतो म्हणून वर पातळ पांढरं कापड टाकते मी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा एका दिवसात आतपर्यंत खडखडीत होतं. खरं तर ज्यांच्या घरी मऊ खेळण्यांचा ढीग आहे त्यांनी मोठी धुलाई उन्हाळ्यातच उरकावी, पावसाळ्यात फक्त नडलं तरच, आणि तेही एका वेळी एकच.

नवीन भरण्यासाठी गादीवाल्याकडून पॉलिस्टर फायबर आणलं, उशीत भरतात तेच पांढरं, वजनावर मिळतं. साधा कापूस मी मुद्दाम नाही घेतला, तो पाणी धरतो, गठ्ठे होतात आणि वाळायला फार वेळ घेतो. भरताना एक गोष्ट केली, फायबर सरळ खोळीत न भरता मलमलची पिशवी शिवून त्यात भरलं आणि ती पिशवी हत्तीच्या पोटात घातली, आणि पाठीला टाके दुहेरी दोऱ्यानं दाट घातले. पुढच्या वेळी टाके उसवायचे, पिशवी काढायची, खोळ वेगळी धुवायची. चेन लावायचा विचार आला होता पण चेनचा रनर मूल तोडून तोंडात घालू शकतं म्हणून नको म्हणलं. डोळे प्लॅस्टिकचे होते, ओढून बघितले तर एक हलत होता. दोन्ही काढून टाकले आणि काळ्या दोऱ्यानं भरतकाम करून नवे डोळे केले. गाण्याची डबी परत घातली नाही. नवा गुंडू ४३० ग्रॅम भरला.

खोकल्याबद्दल प्रामाणिकपणे सांगते. दादा पोरीला डॉक्टरांकडं घेऊन गेला होता, डॉक्टर म्हणाले साथ चालू आहे, सर्दी-खोकल्याची बरीच मुलं येताहेत, पण त्यांनी हे पण विचारलं की झोपताना उशाशी काय काय असतं. आठ-दहा दिवसात खोकला गेला. तो हत्तीमुळंच होता असं मी म्हणणार नाही, साथीचा पण असेल. पण बुरशीचे कण, साबणाचा राहिलेला थर आणि सेंटचा वास रात्रभर नाकाशी असताना खोकला असलेल्या पोराला आराम पडला नसता, एवढं नक्की. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरी तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

डॉक्टरांनी धुळीतल्या माइट्सचा विषय काढला म्हणून त्याची माहिती मी नंतर नीट वाचली. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक, पाव मिलिमीटरच्या आसपास, आपल्या अंगाच्या गळलेल्या त्वचेवर जगतात, गाद्या, उशा आणि मऊ खेळणी ही त्यांची घरं. ते चावत नाहीत, त्यांच्या विष्ठेतल्या प्रोटीननं ॲलर्जी होते. पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा ओढून घेतात, त्यामुळं हवा कोरडी राहिली की टिकत नाहीत, आणि म्हणून ओलसर राहिलेलं खेळणं त्यांच्यासाठी सोयीचं. मारायचे असतील तर पाणी ५५ अंशांच्या वर पाहिजे, म्हणजे हात घालवणार नाही एवढं कढत. सोलरचं पाणी उन्हाळ्यात तेवढं तापतं, पण सगळी खेळणी ते सोसत नाहीत, डिंकानं चिकटवलेले भाग सुटतात, केस आक्रसतात, आणि बादलीतलं कढत पाणी पोरांच्या घरात ठेवायचं म्हणजे डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. दुसरा उपाय मला जास्त सोपा वाटला, कोरडं खेळणं पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये पूर्ण चोवीस तास, उणे अठराच्या आसपास तापमान असेल तर माइट्स मरतात. एकदाराच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा तेवढा थंड असेलच असं नाही, तिथं दोन दिवस ठेवलेलं बरं. पण मेले तरी ते प्रोटीन आतच राहतं, ते काढायला नंतर साध्या पाण्यात धुवावंच लागतं. फ्रीजर म्हणजे धुलाई नाही, हे वहिनींना दोनदा सांगावं लागलं कारण त्यांना वाटलं पाणी वाचलं.

खायच्या सोड्याचं पण सगळे विचारतात. चालतो, पण कशाला ते समजून. खेळणं पिशवीत घालून मूठभर सोडा टाकून हलवायचं, अर्धा तास ठेवायचं, मग गच्चीत ब्रशनं झटकायचं किंवा व्हॅक्यूमनं ओढायचं, वास कमी होतो आणि तेलकटपणा थोडा जातो. माइट्स किंवा जंतू मरत नाहीत त्यानं. पाणी नसलेल्या दिवसात वेळ मारून नेण्यापुरता चांगला उपाय आहे, आणि रूम फ्रेशनरपेक्षा हजार पटीनं बरा.

गुंडूचं झाल्यावर वहिनींनी घरातली बाकीची पलटण पण काढली, अकरा निघाली. त्यात एक छोटा ससा होता, नुसता फायबरचा, डोळे भरतकामाचे, तो उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून मशीनमध्ये हलक्या सायकलवर धुतला, काही झालं नाही. एक बोलणारी बाहुली होती, सेलवाली, तिची डबी स्क्रूची आणि पक्की होती म्हणून सेल काढून फक्त वरून साफ केली, म्हणजे लिक्विडचा नुसता फेस मऊ ब्रशनं लावायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, परत कोरड्यानं, पाणी आत जाता कामा नये. एका कासवात थर्माकोलचे बारीक मणी होते आणि शिवण एका जागी विरली होती, ते सरळ काढून टाकलं, ते मणी नाकात गेले तर पंचाईत आणि गरम ड्रायरमध्ये घातलं तर वितळतात. बाकीच्यांपैकी तीन भाचीनं स्वतः निवडली, उरलेली डब्यात बंद, महिन्यानं अदलाबदल. पलंगावर आता फक्त गुंडू असतो. आणि शेजारच्या काकूंकडं पाच महिन्यांचं बाळ आहे, त्यांना मी हे स्वतः जाऊन सांगून आले, एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत मऊ खेळणं ठेवायचंच नाही, स्वच्छ असलं तरी नाही, नाकातोंडावर आलं तर ते बाजूला सारता येत नाही त्यांना.

गुंडू परत आला तेव्हा भाचीनं त्याला घेतलं नाही. आम्हाला वाटलं होतं मिठी मारेल. तिनं वास घेतला, पोट दाबलं, गाणं वाजलं नाही, डोळ्यांवरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, हा गुंडू नाय. वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं. मग आईनं, म्हणजे तिच्या अज्जीनं, तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की गुंडू आजारी होता, पोटात पाणी झालं होतं, आत्यानं औषध दिलं, आता त्याचा घसा बसलाय म्हणून गात नाही. भाचीनं विचारलं, दुखलं का? अज्जी म्हणाली, थोडं. मग घेतलं तिनं. दोन रात्री नुसता बाजूला ठेवून झोपली, तिसऱ्या रात्री कुशीत. मला यातनं कळलं की एकदम सगळं बदलायला नको होतं, निदान तिला आधी सांगायला पाहिजे होतं की गुंडू कुठं जाणार आहे आणि येताना वेगळा दिसेल. आता धुणं असलं की ती सोबत असते, साबणाचा फेस तीच करते, टॉवेलच्या वळकटीवर तीच बसते.

परवा रविवारी परत धुलाई होती, भात सांडला होता त्याच्यावर. काट्यावर ठेवून ४३० लिहिलं होतं. संध्याकाळी गच्चीवरनं आणला, केस कोरडे, पाय कोरडे, पोट पण कोरडंच लागत होतं मला. भाचीनं स्वतः काट्यावर बसवला आणि आकडा अजून वाचता येत नाही म्हणून माझ्याकडं बघितलं. ४५५. मी म्हणलं, अजून एक दिवस. तिनं तोंड वाकडं केलं, पण परत पाटीवर नेऊन ठेवला आणि वर पांढरं कापड टाकलं.